पैसे पूर्ण, चित्र अर्धं

गेल्या मे महिन्यात पांढरकवड्याला मावसभावाकडे मुक्काम होता. जेवणं आटोपली, तसा भाऊ म्हणाला, "थांब, नवा टीव्ही दाखवतो." पंचावन्न इंची पडदा, भिंतीला पक्का ठोकलेला, मागच्या खाचेत इंटरनेटवरून चित्रपट दाखवणारी स्टिक खोचलेली. त्यानं 'शेरनी' लावला. समोर आलं ते जंगल काही जंगल वाटेना. पानं रेडियमच्या पट्टीसारखी हिरवी, माती केशरी, माणसांचे चेहरे मेण लावल्यासारखे. विद्या बालन झाडीतून चालत होती, पण चाल अशी गुळगुळीत, की सिनेमा नव्हे, दुपारची मालिका चालू आहे. संवाद तर कूलरच्या घरघरीत पार बुडालेले.

"पाह्य, कसा चकाचक येऊन राह्यला!" भाऊ म्हणाला.

मी रिमोट मागून घेतला. दहा मिनिटं लागली. नवीन काही विकत आणलं नाही, एक तारही बदलली नाही. मग तोच प्रसंग पुन्हा लावला. वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या, उभ्याउभ्याच पाहू लागल्या आणि म्हणाल्या, "आता आपल्या टिपेश्वरच्या जंगलासारखं दिसते."

त्या दहा मिनिटांबद्दलच आज लिहायचं आहे. यवतमाळ जिल्ह्यात मी ज्या ज्या घरी टीव्हीपुढे बसलो, त्यातल्या बहुतेक घरी ही दहा मिनिटं कोणी दिलेलीच नाहीत. टीव्हीचे पैसे पूर्ण भरले, स्टिकचे भरले, महिन्याची वर्गणी भरली, इंटरनेटचं बिल भरलं. पदरात पडलं अर्धं चित्र आणि पाव आवाज.

'शेरनी'च का, तेही सांगतो. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीच्या परिसरात टी-१ वाघिणीला गोळी घातली गेली. जग तिला अवनी म्हणतं. तिच्यावर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. त्या काळात या भागातल्या माणसानं संध्याकाळी वावरात जायचं सोडलं होतं. अमित मसूरकरचा 'शेरनी'ही अशाच एका वाघिणीच्या शोधाची गोष्ट सांगतो. तो मध्य प्रदेशातल्या जंगलात चित्रित झाला आणि त्यातली गावं-माणसं काल्पनिक आहेत. तरी राळेगाव-पांढरकवड्याच्या माणसाला तो पाहताना दुसरं कोण आठवणार? आणि हा चित्रपट थिएटरात आलाच नाही. कोरोनाचे दिवस होते. १८ जून २०२१ ला तो थेट प्राईम व्हिडिओवर आला. म्हणजे आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेल्या गोष्टीचं थिएटर म्हणजे आपली बैठकीची खोली. त्या खोलीत जंगल प्लास्टिकचं दिसत असेल, तर ती गोष्ट आपण पाहिलीच नाही, असं मी म्हणेन.

एके काळी चित्रासाठी आपण किती मेहनत घ्यायचो, ते आठवून पाहा. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. तेव्हा मुख्यमंत्री होते आपल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक. आपल्याकडे घरोघरी टीव्ही यायला ऐंशीचं दशक उजाडलं. रविवारी सकाळी एक जण गच्चीवर अँटेना फिरवायचा, दुसरा जिन्यात उभा राहायचा, तिसरा टीव्हीपुढून ओरडायचा, "आलं! आलं! गेलं! थोडं इकडं!" पडद्यावरच्या मुंग्या कमी व्हाव्यात म्हणून तीन माणसं राबायची. आज मुंग्या नाहीत, म्हणून आपण धरून चाललो की चित्र बरोबरच आहे. अँटेना अजून फिरवावीच लागते. फक्त ती आता गच्चीवरून मेनूत येऊन बसली आहे.

पहिला घाव 'व्हिव्हिड'वर. काही टीव्हींत त्याला 'डायनॅमिक' म्हणतात. दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबलाइटच्या उजेडात, शेजारच्या वीस पडद्यांमध्ये आपला उठून दिसावा म्हणून केलेली ही रंगरंगोटी. टीव्ही पहिल्यांदा सुरू होताना विचारतो, घरी वापरणार की दुकानात? बसवायला आलेला पोरगा घाईत असतो, त्याला अजून चार घरं गाठायची असतात. कधी चुकून 'दुकान' दाबलं जातं आणि टीव्ही वर्षानुवर्षं दुकानातच राहतो. पिक्चर मोडमध्ये जा आणि 'मूव्ही', 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' निवडा. पहिले दोन दिवस चित्र पिवळट आणि मंद वाटेल. डोळ्यांना निळसर पांढऱ्याची सवय लागलेली असते, म्हणून तसं होतं. चित्रपटाचे रंग ज्या पांढऱ्यावर ठरवले जातात तो साडेसहा हजार केल्व्हिनचा, म्हणजे भरदिवसाच्या उजेडाचा पांढरा. मेनूतलं 'वॉर्म' त्याच्या सगळ्यांत जवळ जातं. तिसऱ्या दिवशी पुन्हा 'व्हिव्हिड' लावून बघा, तुमचे तुम्हीच बदलाल.

त्यातच 'शार्पनेस' असतो. तो वाढवला की तपशील वाढत नाही, कडांभोवती पांढरी रेघ तेवढी उमटते. कमी करा.

दुसरा घाव त्या गुळगुळीत चालीवर. चित्रपट सेकंदाला चोवीस चित्रांचा असतो. टीव्ही मधल्या जागा स्वतः रचलेल्या चित्रांनी भरतो आणि सिनेमाची मालिका करून टाकतो. एलजीत याला 'ट्रूमोशन' म्हणतात, सोनीत 'मोशनफ्लो', सॅमसंगच्या जुन्या संचांत 'ऑटो मोशन प्लस'. क्रिकेट पाहताना चालू ठेवायचं असेल तर ठेवा, चित्रपटाला बंद करा. ही तक्रार माझ्या एकट्याची नाही. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझनं 'टॉप गन : मॅव्हरिक'च्या सेटवरून चित्रफीत काढून लोकांना हात जोडले, की एवढं एक बंद करा. ऑगस्ट २०१९ मध्ये टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओ यांच्या संघटनेनं 'फिल्ममेकर मोड' जाहीर केला, त्यामागे मार्टिन स्कॉर्सेसी आणि ख्रिस्तोफर नोलनसारखे दिग्दर्शक उभे राहिले. एवढ्या मोठ्या माणसांनी एका बटणासाठी आवाज उठवला आणि ते बटण आपल्या हातातल्या रिमोटमध्ये आहे.

तशीच एक कळ स्टिकच्या मेनूतही आहे. चित्रपटाची मूळ गती जुळवा, असा पर्याय बहुतेक चांगल्या स्टिकांत आणि स्ट्रीमिंगच्या डब्यांत असतो. तो चालू करा. एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारं चित्र, मात्र 'कायम चालू' ठेवू नका, 'मजकुराप्रमाणे' ठेवा. नाहीतर १९८० सालचा साधा चित्रपटही डबा एचडीआरच्या साच्यात कोंबतो आणि चेहरे राखाडी होतात. आणि टीव्ही फोरके असूनही डबा फोरके एचडीआर दाखवत नसेल, तर कंपनीला फोन करायच्या आधी टीव्हीच्या मेनूत त्या एचडीएमआय खाचेची पूर्ण ताकद उघडली आहे का ते पाहा. सोनी त्याला 'एन्हान्स्ड फॉरमॅट' म्हणते, सॅमसंग 'इनपुट सिग्नल प्लस', एलजी 'डीप कलर'. अनेक संचांत ती कारखान्यातून बंदच येते. भावाच्या टीव्हीतही बंद होती.

आता पैशाचं बोलतो, कारण सगळ्यांत जास्त फसगत तिथे होते.

बाजारात दीड-दोन हजारांचे बिननावाचे अँड्रॉइड डबे मिळतात. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'फोरके', 'एटके', काय काय लिहिलेलं असतं. दारव्ह्याच्या एका मास्तरांनी असाच एक घेतला आणि मला विचारलं, "नेटफ्लिक्स धुरकट काहून दिसते?" डबा बिघडलेला नव्हता. त्याला परवानाच नव्हता. चित्रपटाची चोरी होऊ नये म्हणून गूगलची 'वाइडवाइन' नावाची कुलूपव्यवस्था असते, तिच्या पायऱ्या असतात. वरची पायरी एल-वन. ती असलेल्या यंत्रालाच नेटफ्लिक्स-प्राईम पूर्ण एचडी आणि फोरके चित्र देतात. खालची एल-थ्री. तिथे चित्र ४८० रेघांवर थांबतं, म्हणजे जुन्या डीव्हीडीइतकं. बिननावाच्या स्वस्त डब्यांत बहुधा ही खालचीच पायरी असते. मग पडदा पंचावन्न इंची असो की पंच्याहत्तर, चित्र डीव्हीडीचंच. 'डीआरएम इन्फो' नावाचं फुकट ॲप डब्यात टाकलं की पायरी कळते. विकत घेण्याआधी दुकानदाराला विचारा, "एल-वन आहे का?" त्याला उत्तर देता आलं नाही, तर पैसे खिशात ठेवा. मास्तरांचे दोन हजार गेले. त्यात थोडे आणखी घालून नावाजलेल्या कंपनीची स्टिक आली असती.

दुसरी फसगत वर्गणीत. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सनं भारतातले दर उतरवले, तेव्हा चार पायऱ्या ठरल्या : मोबाइल १४९, बेसिक १९९, स्टँडर्ड ४९९ आणि प्रीमियम ६४९ रुपये. फोरके फक्त शेवटच्या पायरीवर, पूर्ण एचडी तिसऱ्या पायरीवर. १४९ वाली वर्गणी टीव्हीसाठी नाहीच. खालच्या पायरीवर बसून फोरके टीव्हीला दोष देणारे मी पाहिले आहेत. उलटंही पाहिलं आहे : त्रेचाळीस इंची टीव्ही, दहा फुटांवर दिवाण, आणि वर्गणी प्रीमियम. एवढ्या अंतरावरून एवढ्या पडद्यावर फोरके आणि पूर्ण एचडी यांतला बारकावा माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. तिथे स्टँडर्ड घ्या, महिन्याचे दीडशे वाचवा. स्टँडर्ड वर्गणी आणि नीट लावलेला टीव्ही, ही जोडी प्रीमियम आणि 'व्हिव्हिड'पेक्षा केव्हाही सरस. हे मी दोन घरी लावून पाहून सांगतो आहे.

तिसरी गोष्ट फुकटची आहे. नेटफ्लिक्सच्या खात्यात, प्रत्येक प्रोफाइलखाली डेटा किती वापरायचा याचा पर्याय असतो. कधी काळी मोबाइलचा डेटा वाचवायला कोणीतरी तो 'लो' केलेला असतो आणि घरात फायबर आल्यावरही तो तिथेच असतो. प्राईमच्या सेटिंगमध्येही असाच पर्याय आहे. एकदा उघडून पाहा.

आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मोठा टीव्ही चालवणाऱ्यांनी हिशेब मांडावा. नेटफ्लिक्सच्याच आकड्यांप्रमाणे एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत, फोरकेला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. रोजचा दोन जीबीचा पॅक एचडीत चाळीस मिनिटांत संपतो. त्यानंतर जे दिसतं ते चौकोनी ठोकळे. त्यात टीव्हीचा दोष शून्य.

ज्यांच्या घरी फायबर किंवा हवेतून येणारं इंटरनेट आहे, त्यांचा राऊटर कुठे असतो? दाराशी. वायरवाला जिथे घरात शिरला, तिथेच त्यानं खिळा ठोकला. मग सिग्नल देवघराची भिंत, स्वयंपाकघराची भिंत आणि मधलं लोखंडी कपाट ओलांडून बैठकीत पोचतो, तो अर्धमेला होऊन. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती दीड-दीड फुटांच्या. फोरकेला नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस मागतं, पूर्ण एचडीला ५. बिलावर शंभर लिहिलेले असतात. टीव्हीच्या जागी किती पोचतात ते मोबाइल टीव्हीला टेकवून 'फास्ट डॉट कॉम'वर मोजा. राऊटरमध्ये दोन लहरी असतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून पुढे जाते, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गर्दीत अडकते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान असते, भिंतीशी मात्र हरते. एकाच खोलीत असाल तर स्टिक पाचवर जोडा. सगळ्यांत उत्तम म्हणजे तार. लॅनची तार शंभर मीटरपर्यंत बिनघोर जाते. वायरवाल्याला त्याच दिवशी सांगा, की दादा, राऊटर टीव्हीजवळ बसव, तार मी आणून देतो. नंतर कोणी भिंत फोडत नाही.

वीज जाते हेही धरून चला. इन्व्हर्टरवर टीव्ही घेतलेला असतो आणि राऊटर साध्या सॉकेटवर राहतो. वीज गेली की टीव्ही चालू, इंटरनेट बंद. राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो तेवढा बसवून घ्या.

आता आपला खास शत्रू, ऊन.

उदाहरणादाखल, ॲपल टीव्ही या डब्याच्या तांत्रिक माहितीत लिहिलं आहे, चालवण्याचं तापमान ० ते ३५ अंश. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. पश्चिमेच्या भिंतीला संध्याकाळी हात लावून पाहा, चटका बसतो. त्या भिंतीला टीव्ही, टीव्हीच्या पाठीची धग, आणि त्या दोन्हींच्या मधे कोंडलेली स्टिक. ती तापली की स्वतःला वाचवायला वेग कमी करते : चित्र अडखळतं, आवाज ओठांच्या मागे पडतो, शेवटी डबा स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होतो. लोक म्हणतात स्टिक खराब निघाली. खोक्यात वितभर एचडीएमआयची जोडतार दिलेली असते, ती बहुतेक घरांत खोक्यातच राहते. ती लावा, स्टिक टीव्हीच्या पाठीमागून बाहेर, हवेत लोंबू द्या. वायफायलाही त्यानं मदत होते.

दुसरी चूक, स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देणं. तार कमी दिसते म्हणून मुलं तसं करतात. जुन्या यूएसबी खाचेतून अर्धा अँपिअर मिळतो, स्टिकला साधारण एक लागतो. खोक्यातला ठोकळा फेकायला दिलेला नाही. तो भिंतीच्या सॉकेटला लावा.

आवाजापाशी मी जरा जास्त थांबणार आहे. चित्र वाईट असेल तर माणूस निदान पाहतो. आवाज वाईट असेल तर माणूस उठून जातो.

माझे वडील असेच उठून गेले. दोन वर्षं त्यांनी एकही चित्रपट पूर्ण पाहिला नाही. "कान गेले आता," म्हणायचे आणि वऱ्हांड्यात जाऊन बसायचे. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, वयाच्या मानानं कान ठीक निघाले. दोष खोलीत होता. टीव्ही जितका पातळ झाला, तितके त्याचे स्पीकर लहान झाले आणि तोंड खाली किंवा मागे वळलं. म्हणजे नट बोलतो भिंतीशी, आणि आपण ऐकतो भिंतीवरून परतलेलं. त्यात चित्रपटाचा आवाज पाच-सहा दिशांचा बांधलेला असतो आणि संवाद मधल्या स्पीकरसाठी ठेवलेला असतो. तो मधला स्पीकर आपल्याकडे नसतोच. सगळं दोन बारक्या स्पीकरमध्ये कोंबलं की बंदुकीची गोळी कानठळ्या बसवते आणि "आई, मी येतो" ऐकू येत नाही. मग आपण आवाज वाढवतो, गाणं लागलं की दचकून कमी करतो. रिमोट हातातून सुटत नाही.

आणि हे सगळं कूलर चालू असताना. विदर्भात मार्च ते जून कूलरशिवाय बसायची सोय नाही, तेव्हा कूलर लावू नका असं मी कोणाला सांगणार नाही. पण बहुतेक घरी कूलरची खिडकी आणि टीव्ही एकाच भिंतीला किंवा शेजारशेजारच्या भिंतींना असतात. मग पंख्याची घरघर आणि नटाचा आवाज एकाच दिशेनं येतात आणि कानाला ते वेगळे काढता येत नाहीत. टीव्ही समोरच्या भिंतीला न्या, कूलर पाठीकडून किंवा बाजूनं येऊ द्या, एवढ्यानं निम्मं काम होतं. कूलरच्या स्टँडखाली रबराचे तुकडे सारा, पत्रा थरथरायचा थांबतो. जिथे ट्रकच्या टायरचं दुकान आहे तिथे हे रबर फुकट मिळतं.

खोली रिकामी नको. फरशी गुळगुळीत, भिंती नागड्या, छताला स्लॅब, अशा खोलीत प्रत्येक शब्द तीनदा ऐकू येतो. मधे जाड सतरंजी अंथरा, खिडकीला जुन्या गोधडीचा पडदा लावलात तरी चालेल. वडिलांच्या खोलीत मी आधी हेच केलं. खर्च शून्य, आणि संवाद वेगळे ऐकू यायला लागले.

मग मेनू. फक्त टीव्हीचे स्पीकर असतील, तर डब्याचा आवाज 'सराऊंड' किंवा 'ऑटो'वरून 'स्टीरिओ' किंवा 'पीसीएम'वर आणा. नसलेल्या स्पीकरसाठी आवाज राखून ठेवू नका. टीव्हीत 'क्लिअर व्हॉइस' किंवा तशा नावाचा पर्याय असेल तर चालू करा. मोठा आवाज दाबून बारीक आवाज उचलणारा 'नाइट मोड' रात्रीपुरताच नाही, कूलरच्या दिवसांत तो दिवसाही कामाचा आहे. प्राईम व्हिडिओनं एप्रिल २०२३ मध्ये 'डायलॉग बूस्ट' आणलं, संवादच तेवढा उचलून देणारं, पण सुरुवात केली इंग्रजीपासून. मराठी चित्रपटांना ते सरसकट मिळालं पाहिजे. वऱ्हाडी बोली ऐकायला बसलेल्या माणसाला शब्द कळणं हा त्याचा हक्क आहे, त्यानंही वर्गणी पूर्ण भरली आहे.

चार पैसे खर्चायचेच असतील, तर पुढच्या टीव्हीच्या दहा जास्त इंचांवर खर्चू नका, साउंडबारवर खर्चा. तो टीव्हीच्या खाली, बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीला, समोर तोंड करून ठेवा. कपाटाच्या आत काचेमागे ठेवलेला साउंडबार म्हणजे उशीत तोंड घालून बोलणारा माणूस. जोडायचा तो 'एआरसी' लिहिलेल्या एचडीएमआय खाचेत. टीव्हीला तीन खाचा असतात, हे अक्षर एकीवरच असतं, आणि मी पाहिलेल्या घरांत तार हमखास दुसरीत होती. दुकानदार 'ई-एआरसी (एआरसीची नवी आवृत्ती) नसेल तर ॲटमॉस, म्हणजे चहूबाजूंनी आणि वरून येणारा आवाज, मिळणार नाही' म्हणून महागडा टीव्ही गळ्यात मारतो, तेव्हा ठाम राहा. स्ट्रीमिंगमधलं ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये बांधून येतं. टीव्ही आणि साउंडबार दोघांनाही ते कळत असेल, तर साध्या एआरसीवरून जातं. ब्लूटूथवर मात्र चित्रपट ऐकू नका, ओठ आणि शब्द यांची फारकत होते. नाइलाज असेल तर मेनूत आवाज-चित्र जुळवायची पट्टी असते, ती सरकवून घ्या.

सगळं लावून झालं की तपासायचं कशावर? मारामारीवर नको. चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल' लावा. मराठी चित्रपट, २०२० मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळवलेला, ३० एप्रिल २०२१ पासून नेटफ्लिक्सवर. शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या एका माणसाची ती गोष्ट आहे, मागे तानपुरा. टीव्हीच्या पाठमोऱ्या स्पीकरवर तो तानपुरा फ्रिजच्या मोटारीसारखा गुणगुणतो. नीट लावलेल्या खोलीत तारा वेगळ्या ऐकू येतात आणि गायकाचा श्वासही. माझ्या वडिलांनी तो शेवटपर्यंत पाहिला. मधे एकदाही "काय म्हणाला?" विचारलं नाही. वऱ्हांड्यातली खुर्ची आता आत आली आहे.

टीव्ही विकणाऱ्यांना एक सांगणं. यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेड, दिग्रस, जिथे कुठे तुमचं दुकान असेल तिथे, बसवायला जाणाऱ्या पोराला दहा मिनिटं जास्तीची द्या आणि त्या दहा मिनिटांचे पैसेही द्या. भिंतीला स्क्रू मारला म्हणजे टीव्ही बसला, असं होत नाही. मोड बदलायचा, खाच तपासायची, जोडतार लावायची, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला समोर बसवून विचारायचं, "आजी, शब्द कळते का?" मग सही घ्यायची. कंपन्यांना सांगणं एवढंच, की खोक्यात मराठी पत्रक घाला. आमच्या घरी आजवर आलेल्या तीन खोक्यांत ते नव्हतं. बाभुळगावच्या शेतकऱ्यानं कापसाच्या पैशातून घेतलेला टीव्ही मराठीत समजावून सांगायला एक कागद पुरतो.

आणि तुम्हाला, वाचकहो. आज रात्री जेवणं झाली की रिमोट हाती घ्या. 'व्हिव्हिड' काढा, 'मूव्ही' लावा. गुळगुळीत चाल बंद करा. स्टिक टीव्हीच्या पाठीमागून बाहेर काढा. फक्त टीव्हीचे स्पीकर असतील तर आवाज स्टीरिओवर आणा. मग 'शेरनी' लावा, आणि सुरुवातीची पाच मिनिटं कूलर बंद ठेवून घरातल्या सगळ्यांना समोर बसवा.